चिरंजीवांचे यंत्र

घरातील मुलगा वयात आला म्हणजे तो प्रथम वडिलांच्या ज्ञानाची परीक्षा घेतो व मागाहून त्यांच्या खिशाची. आमच्या चिरंजीवांनी या दोन्ही परीक्षा एकाच संध्याकाळी उरकून घेतल्या. २०२४ सालचे गणपती नुकतेच पोचवून झाले होते. चिरंजीवांना अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षास प्रवेश मिळाला होता, व त्या आनंदात आमच्या मातोश्रींनी आपल्या कुटुंब-निवृत्तिवेतनातून वर्षानुवर्षे शिल्लक टाकलेली सव्वा लाखाची रक्कम, "तुला हवी ती एक वस्तू घे," असे म्हणून नातवाच्या हवाली केली होती. पोरगा दुचाकी मागेल अशी आमची अटकळ होती. त्याने मागितला संगणक. आणि तोही तयार नव्हे, तर सुटे भाग आणून घरी जोडावयाचा, व जोडून झाल्यावर त्यास कारखानदाराने नेमून दिलेल्या गतीपेक्षा अधिक वेगाने पळवावयाचा! या अखेरच्या उद्योगास ओव्हरक्लॉकिंग असे नाव आहे. उपयोग काय, असे विचारता 'अभ्यास' हा शब्द मोठ्याने व 'गेमिंग' हा शब्द त्याहून पुष्कळच हळू उच्चारला गेला.

या विद्येशी आमचा परिचय अगदीच नव्हता असे मात्र नाही. १९९९ च्या सुमारास, कॉलेजात असताना, आमच्या खोलीत राहणाऱ्या एका मित्राने सेलेरॉन ३००ए नावाचा प्रोसेसर घेतला होता. १९९८ साली बाजारात आलेल्या या स्वस्त प्रोसेसराचा नेमलेला वेग तीनशे मेगाहर्ट्झ. मदरबोर्डावरील मूळ ठोका सहासष्टाचा असे. त्याच्या साडेचार पट हा प्रोसेसर धावे. तो ठोका शंभरावर नेला की प्रोसेसर साडेचारशेवर जाई, आणि दुप्पट-तिप्पट किमतीच्या भावंडांच्या पंक्तीस जाऊन बसे. आमच्या मित्राने हा चमत्कार करून दाखविला त्या रात्री सर्व वसतिगृह आमच्या खोलीत लोटले होते. तेव्हा चिरंजीवांनी ओव्हरक्लॉकिंगचा शब्द काढताच आम्ही कपाळास आठी घातली खरी. पण त्या आठीमागे थोडे कौतुकही होते, हे वाचकांपाशी कबूल करावयास हरकत नाही.

चिरंजीवांनी वहीच्या पानावर भागांची यादी लिहून आणली होती. रायझेन जातीचा सहा गाभ्यांचा ७६००एक्स हा प्रोसेसर. आरटीएक्स ४०७० हे ग्राफिक्स कार्ड. वेग वाढविण्याची मुभा देणारा बी६५० जातीचा मदरबोर्ड. बत्तीस जीबी रॅम. एक टीबीची एसएसडी. आणि एका बाजूस काच असलेले कॅबिनेट, ज्यातील पंखे इंद्रधनुष्याचे सर्व रंग आळीपाळीने दाखवितात. प्रत्येक वस्तूपुढे किंमत, तिच्या दोन पर्यायांची तुलना, आणि गुणदोषांची टिपणे. मुलाने इतका कसून अभ्यास बारावीच्या रसायनशास्त्राचाही केला नसेल. यादीच्या अगदी तळाशी एक ओळ होती: 'एसएमपीएस – उरतील त्या पैशांत.'

त्या ओळीवर आमचे बोट थबकले ते थबकलेच.

ज्या वाचकांनी संगणकाचे पोट कधी उघडून पाहिले नसेल त्यांच्याकरिता सांगतो. एसएमपीएस, म्हणजेच पॉवर सप्लाय, ही कॅबिनेटाच्या कोपऱ्यात बसणारी एक पत्र्याची पेटी असते. भिंतीतून येणारी दोनशे तीस व्होल्टांची उलटसुलट वीज ती घेते, आणि बारा, पाच व ३.३ व्होल्टांची एकमार्गी वीज करून बाकीच्या सर्व भागांस वाढते. तिला ना दिवे असतात ना काच. खेळाचे चित्र तिच्यामुळे अधिक सुंदर दिसत नाही, की वेगाच्या आकड्यात तिच्यामुळे भर पडत नाही. घरातील स्वयंपाक करणाऱ्या बाईसारखी तिची गत. ताट वेळेवर पुढे येत आहे तोवर तिचे नाव कोणी काढीत नाही.

आमचे बोट का थबकले याचा इतिहास चिरंजीवांस ठाऊक नव्हता, कारण तो घडला तेव्हा ते पाच वर्षांचे होते. आमचे तीर्थरूप माध्यमिक शाळेत मराठी व संस्कृत शिकवीत. निवृत्तीनंतर त्यांनी एका लहानशा टेपरेकॉर्डरवर आपल्या आवाजात पुष्कळ काही भरून ठेवले होते: रोज संध्याकाळी म्हणावयाची स्तोत्रे, आमच्या मूळ गावच्या आठवणी, १९४८ पूर्वीच्या निजामी अमलातील शाळेत उर्दूतून शिकताना आलेले अनुभव, आणि मध्येच "थांब, चहा आला" असे एखादे वाक्य. २००९ साली ते गेले. आम्ही त्या पंधरा-सोळा कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या, आणि आता त्या फितींना बुरशी लागावयाची असे म्हणून टेपरेकॉर्डरासकट रद्दीत दिल्या. दूरदर्शीपणाच्या भरात माणूस जो अविचार करतो त्याला तोड नसते!

त्या संगणकातील एसएमपीएस आम्ही स्वतः निवडला होता. दुकानदाराने दोन दाखविले. एक महाग व जड, एक स्वस्त व हलका. हलक्यावर 'चारशे पन्नास वॅट' असे ठसठशीत छापले होते. दोन्ही पेट्या काम एकच करतात तर अधिक पैसे कशास मोजावयाचे, असा बँकेतल्या माणसास शोभेसा हिशेब करून आम्ही हलकी पेटी उचलली. २०११ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी वळवाचा पाऊस कोसळला, कोठेतरी न्यूट्रलची तार तुटली, आणि आमच्या गल्लीतील दिवे क्षणभर डोळे दिपतील इतके लखलखले. न्यूट्रल तुटली म्हणजे दोनशे तीसच्या जागी त्याहून कितीतरी अधिक, प्रसंगी चारशेच्या घरातील दाब घरात शिरू शकतो. शेजारच्या एका घरातील संगणकाचा केवळ फ्यूज उडाला. त्याच्या पेटीने स्वतः मार खाऊन आतील माणसे वाचविली. आमच्या पेटीने मात्र आलेला दणका जसाच्या तसा आत वाढला. जळक्या वासाने सौभाग्यवती धावत आल्या तेव्हा मदरबोर्ड गेला होता, आणि त्याबरोबर हार्डडिस्कही. ती पुढे दोन ठिकाणी दाखविली. कोणाच्याने ती वाचवली नाही. तीर्थरूपांचा आवाज गेला तो गेलाच. मातोश्री त्या वेळी एवढेच म्हणाल्या, "माणूस गेल्यावर आवाज तरी किती दिवस पुरणार होता!" त्या वाक्याने आम्हांस जितके लागले तितके कोणाच्या रागावण्यानेही लागले नसते.

हा वृत्तांत सांगून झाल्यावर चिरंजीव बराच वेळ गप्प बसले, व मग त्यांनी ती शेवटची ओळ खोडून यादीच्या पहिल्या जागी लिहिली. परंतु ओळ वर नेल्याने प्रश्न सुटत नाही. पेटी किती वॅटांची घ्यावी, आणि पत्र्यावर छापलेल्या आकड्यावर विश्वास कितपत ठेवावा, हे दोन प्रश्न शिल्लक होतेच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस गावातील एका वृद्ध दुकानदाराने दिले. "काका, पुढचा आकडा वाचू नका, बाजूचा कागद वाचा," असे म्हणून त्याने एक स्थानिक बनावटीची पेटी उलटी करून आमच्या हाती दिली. प्रत्येक पेटीच्या बाजूस एक तक्ता चिकटविलेला असतो. त्यात बारा व्होल्टांच्या रकान्याखाली किती अँपियर लिहिले आहेत ते पाहावे व त्यास बाराने गुणावे. आजच्या संगणकातील प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही खादाड मंडळी जवळजवळ सर्व वीज याच बारा व्होल्टांच्या पंगतीत खातात. पुढे साडेचारशे वॅट छापलेल्या त्या पेटीच्या तक्त्यात बारा व्होल्टांखाली अठरा अँपियर होते. म्हणजे खरे बळ दोनशे सोळा वॅटांचे. उरलेले आकडे कोठून आणले ते छापखान्यासच ठाऊक! याच्या उलट साडेसातशे वॅटांच्या चांगल्या पेटीत बारा व्होल्टांखाली बासष्ट अँपियर सापडले, आणि गुणाकार जवळजवळ पुरता जुळला. शिवाय दोन्ही पेट्या दोन हातांत घेतल्या तेव्हा तफावत तराजूवाचून कळली. आतील तांबे, लोखंड व उष्णता शोषणारे पत्रे यांना वजन असतेच. जेथे वजन नाही तेथे यांपैकी काहीतरी कमी आहे.

वॅटांचा हिशेब जेवणाच्या टेबलावर झाला. चिरंजीवांना हजार वॅटांची पेटी हवी होती, कारण मोठा आकडा मित्रांस सांगावयास बरा. आमचे मन पूर्वसंस्काराने साडेपाचशेवर घुटमळत होते. शेवटी वही पुढे घेतली. हा प्रोसेसर पूर्ण जोरात एकशे बेचाळीस वॅटांपर्यंत खातो, कार्ड दोनशे, मदरबोर्ड, रॅम, डिस्क व पंखे मिळून साठ-सत्तर. बेरीज सुमारे चारशे दहा. ही झाली नेमलेल्या गतीची गोष्ट. गती वाढविली की प्रोसेसर व कार्ड मिळून आणखी पन्नास-साठ वॅट मागणार. त्याहून अडचणीची गोष्ट अशी की, आधुनिक ग्राफिक्स कार्ड सरासरीने दोनशे वॅट खात असले तरी सेकंदाच्या अगदी सूक्ष्म अंशात एकदम त्याच्या कितीतरी पट घास घेते. २०२२ साली निघालेल्या एटीएक्स ३.० या नियमावलीत म्हणूनच अशी अट घातली आहे की, पेटीने आपल्या नेमलेल्या बळाच्या दुपटीपर्यंतचा झटका शंभर मायक्रोसेकंद सोसला पाहिजे. तेव्हा साडेपाचशेत ओढाताण, हजारात उधळपट्टी, आणि साडेसातशेत समाधान, असा निकाल लागला. साडेचारशे-पावणेपाचशे वॅटांचा भार साडेसातशेच्या पेटीवर म्हणजे तिच्या ताकदीच्या साठ-पासष्ट टक्के. ना धाप लागावयाची, ना रिकामे बसावयाचे.

येथे सौभाग्यवतींनी हरकत घेतली. "अहो, साडेसातशे वॅटांची पेटी रात्रंदिवस चालली तर बिल किती येईल?" प्रश्न रास्त होता, व त्यात असलेला गैरसमज पुष्कळ घरांत असतो. पेटीवरील आकडा हा ती किती वाढू शकते याचा असतो, किती खाते याचा नव्हे. पाच शेरांच्या पातेल्यात दोन शेर भात शिजविला तर तांदूळ दोन शेरच लागतात. पेटी स्वतः वाया किती घालविते हा मात्र निराळा प्रश्न, आणि त्याकरिता '८० प्लस' नावाच्या परीक्षेचे शिक्के असतात. सोनेरी शिक्क्याची पेटी निम्म्या भारावर शंभरांतील नव्वद भाग वीज आत पोचविते. म्हणजे आत साडेचारशे वॅट लागत असतील तर भिंतीतून पाचशे ओढते. पंच्याहत्तर टक्क्यांची बिनशिक्क्याची पेटी त्याच कामास सहाशे ओढते. रोज चार तास यंत्र जोरात चालले तर महिन्यास बारा युनिटांचा फरक, आणि ते वाया गेलेले शंभर वॅट उष्णता होऊन आपल्याच खोलीत फिरतात. परंतु ही परीक्षा सुमारे तेवीस अंशांच्या थंड खोलीत घेतली जाते. २०२३ पर्यंत औरंगाबाद व तेव्हापासून छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाणारे आमचे गाव एप्रिलात चाळीस अंश ओलांडते. म्हणून, 'पूर्ण बळ पन्नास अंशांसही' असे ज्या पेटीच्या कागदावर स्पष्ट लिहिले होते तीच आम्ही घेतली. नऊ हजार रुपये पडले. ते मोजताना आमचा हात कापला नाही, हे वयाचे लक्षण समजावे.

पाण्याने गार होणाऱ्या यंत्रणेचा विषयही त्याच बैठकीत निघाला व तेथेच संपला. "या गावात माणसांना नळाचे पाणी आठ-आठ दिवसांनी मिळालेले मी पाहिले आहे, आणि तुझ्या प्रोसेसराला रोज पाणी?" असे सौभाग्यवतींनी विचारले. ते पाणी बंद नळीत फिरते, पुन्हा भरावे लागत नाही, असे चिरंजीवांनी परोपरीने सांगितले. पण सभेचा कौल फिरला तो फिरलाच. तांब्याच्या नळ्यांचा व मोठ्या पंख्याचा हवेवर चालणारा कूलर पसंत झाला.

भाग येण्यास चार दिवस होते. मधल्या रविवारी आम्ही चिरंजीवांस व मातोश्रींस घेऊन खाम नदीकाठच्या पाणचक्कीस गेलो. इतकी वर्षे गावात राहून ती पाहुण्यांस दाखविण्यापुरतीच पाहिली होती. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील ही चक्की. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांनी जमिनीखालून आणून, उंच भिंतीवर चढवून, तेथून खाली सोडीत, आणि त्या जोरावर जाते फिरून दर्ग्यातील फकिरांचे व वाटसरूंचे दळण निघे. याच गावात मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर आणून वस्तीस पाणी पुरविले होते. त्याच परंपरेतली ही करामत. आम्ही चिरंजीवांस म्हटले, पाण्याची उंची म्हणजे तुझे व्होल्ट, पाण्याचा लोट म्हणजे तुझे अँपियर, आणि ही सगळी नळांची व भिंतीची उठाठेव म्हणजे तुझा एसएमपीएस. चक्की पाहावयास लोक येतात, पण चक्की चालते ती मैलोगणती न दिसणाऱ्या नळावर. बारा व्होल्टांचे साडेअकराच्या खाली फारसे जाता कामा नयेत की साडेबाराच्या वर फारसे चढता कामा नयेत, नियमाने थोडीच सूट आहे, याचेही कारण हेच. लोट कमीजास्त होईल, उंची ढळता कामा नये.

मातोश्री इतका वेळ त्या जात्याकडे पाहात होत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही पहाटे दळत असू तेव्हा नवी सून जाते जोरात फिरवी. सासूबाई सांगत, अगं, जोर हातात नसावा, वैरणीत असावा. वैरण बेताची आणि एकसारखी पडली तर जाते आपोआप चालते. उगाच गरगर फिरवलेस तर पीठ तापते, आणि तापलेल्या पिठाची भाकरी थापता थापता तुटते." चिरंजीवांनी खिशातून फोन काढून ते वाक्य टिपून घेतले. आम्ही त्यांस तीन दिवस जे समजावीत होतो ते आजीने दोन वाक्यांत उरकले होते.

कारण ओव्हरक्लॉकिंगचे गणित नेमके हेच आहे. प्रोसेसराचा वेग वाढविला की त्यास स्थिर ठेवण्याकरिता व्होल्टेजही वाढवावे लागते. वीज मात्र वेगाच्या प्रमाणात व व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के व व्होल्टेज दहा टक्के वाढविले तर खर्च दहा टक्के न वाढता जवळजवळ एकतृतीयांशाने वाढतो, आणि तो सर्व उष्णता होऊन बाहेर पडतो. मोठमोठ्या कारखान्यांनाही या गणितापुढे हात टेकावे लागले. इंटेलने २००४ साली चार गिगाहर्ट्झांच्या पेंटियमचा बेत सोडून दिला, व तेव्हापासून एकाच बैलास चाबूक ओढण्याऐवजी एका जुवास अनेक बैल जुंपण्याचा मार्ग सर्वांनी धरला. आमच्या पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडूनच उभा केला होता. आणि अधिक व्होल्टेज काय करते याचा ताजा दाखला चिरंजीवांसमोरच होता. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मिळाल्याने अस्थिर होतात, असे त्या कंपनीने २०२४ सालीच मान्य केले, सुधारणा काढली, व हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली.

जोडणीपूर्वी एक काम उरले होते. आमच्या जुन्या घरात कोणत्याही पत्र्याच्या उपकरणास हात लावला की बोटास झिणझिण्या येत, व आम्ही तो घराचा स्वभाव समजून चाललो होतो. वायरमन आला, त्याने फळी उघडली, आणि अर्थिंगची हिरवी तार भिंतीत शिरून कोठेही न जाता संपलेली दाखविली. चांगल्यातल्या चांगल्या पेटीसही नको असलेली वीज टाकावयास जमीन लागते. ती नसेल तर तिची निम्मी राखणदारी वाया जाते. आमच्याकडे हातभर मातीखाली मुरूम व त्याखाली काळा कातळ; खड्डा खणावयास दोन माणसांना सबंध दिवस लागला. तांब्याचा पत्रा, कोळसा व मीठ घालून तो बुजविला. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंग दुबळे होते, म्हणून अधूनमधून तेथे पाणी ओतावे, असे वायरमनने बजावले. मातोश्रींनी तेव्हापासून तुळशीला पाणी घातल्यावर उरलेला तांब्या त्या खड्ड्यात रिता करण्याचा नेम धरला आहे. कोणी विचारले तर त्या सांगतात, "ते नातवाचे झाड आहे."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्र जोडले. ग्राफिक्स कार्डाची सोळा पिनांची वायर नीट खोलवर बसली नाही म्हणून २०२२ च्या अखेरीस परदेशात काही महागड्या कार्डांच्या वायरी वितळल्या होत्या, हे चिरंजीवांनी वाचले होते. त्यांनी ती वायर बसविल्यावर विजेरी घेऊन तिची चारी बाजूंनी तपासणी केली. आम्ही मात्र एवढेच पाहिले की, पूर्वी कधी दप्तर जागेवर न ठेवणारा हा मुलगा स्क्रू वाटीत मोजून ठेवीत होता. दसऱ्यास यंत्रापुढे पाटी, पुस्तके व आपट्याची पाने ठेवून पूजा झाली. इंद्रधनुषी पंखे फिरू लागले तेव्हा मातोश्रींनी नकळत हात जोडले.

थंडीचे तीन महिने चिरंजीवांनी यंत्र मनसोक्त पळविले. रोज एखादा आकडा वाढे, यंत्र मान टाके, आकडा पुन्हा खाली येई. एप्रिल २०२५ उजाडला आणि खेळ बदलला. दुपारी खोलीत उकडू लागले, प्रोसेसर पंच्याण्णव अंशांच्या आपल्या मर्यादेस टेकू लागला, व पंखे गिरणीसारखे ओरडू लागले. आम्ही काही बोललो नाही. आठवड्याने चिरंजीव स्वतःच सांगावयास आले. त्यांनी उलटा प्रयोग केला होता. वेग वाढविण्याऐवजी व्होल्टेज थोडे थोडे कमी करीत नेले होते. कारखानदार हजारो प्रोसेसरांतील सर्वात दुबळाही चालावा म्हणून व्होल्टेज थोडे सढळ हाताने देतो. आपला प्रोसेसर त्याहून कमीत भागवू शकतो का, हे हळूहळू पारखावे लागते. त्यांचा भागवू शकत होता. वेग जवळजवळ तोच राहिला, उष्णता पंधरा अंशांनी उतरली, पंखे शांत झाले. "बाबा," ते म्हणाले, "आजी म्हणाली तेच खरं. वैरण बेताची." एवढे बोलून ते खोलीत निघून गेले, आणि आम्ही वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बराच वेळ एकच ओळ वाचीत बसलो.

त्याच वर्षी वळवाने मे महिनाभर झोडपून काढले. एका रात्री गडगडाट झाला, दिवे दोनदा लपलपले, एकदा लखलखले, आणि सर्वत्र अंधार पडला. आमच्या छातीत २०११ सालचा तो वास भरून आला. वीज आल्यावर चिरंजीवांनी बटण दाबले, पंखे फिरले, सर्व काही जागच्या जागी होते. पेटीने काही सोसले की सोसण्यासारखे त्या रात्री काही आलेच नाही, हे कळावयास मार्ग नाही. चांगल्या राखणदाराची बढती याचमुळे अडते.

कोणी असे म्हणेल की, खेळण्याच्या यंत्राकरिता सव्वा लाख, खड्डा, वायरमन व एवढा प्रपंच कशासाठी? हा आक्षेप आम्ही स्वतःही घेतला होता, व त्याचे पुरते उत्तर आजही आमच्यापाशी नाही. एवढे मात्र खरे की, दिसणाऱ्या वस्तूवर खर्च करण्यापूर्वी न दिसणाऱ्या वस्तूचा हिशेब करावा, हा धडा आमच्या मुलास अठराव्या वर्षी मिळाला. आम्हांस तो पस्तिशी ओलांडल्यावर, वडिलांचा आवाज देऊन घ्यावा लागला होता. जी कुटुंबे असे यंत्र जोडणार असतील त्यांनी यादी खालून वर लिहावी, बारा व्होल्टांखालचे अँपियर वाचावेत, घरच्या अर्थिंगास एकदा हात लावून पाहावा, आणि मग उरतील त्या पैशांत रंगीत पंखे घ्यावेत.

गेल्या श्रावणात चिरंजीवांनी माळ्यावरचे जुने जाते खाली काढविले. मातोश्री आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी मूठभर गहू घालून, एका हाताने खुंटा धरून, पहाटेच्या ओव्या म्हटल्या, आणि नातवाने त्या त्या यंत्रात भरून घेतल्या. मध्येच त्या थांबल्या व म्हणाल्या, "दम लागला रे, जरा पाणी आण." तेही त्याने काढून टाकले नाही. सर्व झाल्यावर त्यांनी विचारले, "आता हे नाही ना रे जळणार?"

आम्ही पेटीचे, अर्थिंगचे व सोनेरी शिक्क्याचे नाव घेणार होतो. चिरंजीव आमच्या आधी बोलले. "जळेलही, आजी. यंत्रच आहे ते. पण जळलं तर एकच जळेल. दुसरी प्रत मी निराळ्या डिस्कवर करून तुझ्या कपाटात ठेवली आहे, आणि तिसरी आत्याकडे पाठवली आहे."

मातोश्रींनी खुंट्यावरचा हात काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. हाताचे पीठ केसांना लागले, ते त्याने झटकले नाही.